पांढरी एक, पांढरी सहा

ताईने एक चाल बांधली होती आणि फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवली होती. तंबोरा नाही, पेटी नाही, नुसता गळा. मला त्या चालीला गिटारची साथ बसवायची होती. चार-पाच वेळा ऐकून मी एकेक स्वर गिटारवर शोधला आणि कागदावर उतरवून काढला. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. सगळे पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर, काळी पट्टी कुठेच नाही. म्हणजे सी मेजर, असं मी धरून चाललो. सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या तीन गटांवर, जवळजवळ सगळी चाल बसली, एका ओळीला डी मायनर शोभली, आणि दोन दिवसांनी ताई आली तेव्हा मी मोठ्या उमेदीने गिटार मांडीवर घेतली.

ती शेवटपर्यंत गायली. मध्ये कुठे अडली नाही. गाणं संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "चुकीचं काही नाहीये रे. पण मी सा वर येऊन टेकते, तेव्हा तू अजून कुठेतरी निघालेला असतोस."

मी म्हटलं, "सा म्हणजे सी ना?"

"माझा सा पांढरी सहा. पांढरी एक हा माझा कोमल गंधार."

पेटीवर सी म्हणजे पांढरी एक आणि ए म्हणजे पांढरी सहा. दोघांनी तेच सात स्वर घेतले होते, मी पहिल्या पट्टीपासून मोजत होतो आणि ती सहावीपासून. ज्या ए वर ती ओळ संपवत होती, तिथे मी एफ ही कॉर्ड धरत होतो. एफच्या कॉर्डमध्ये एफ, ए आणि सी असे तीन स्वर असतात, त्यामुळे तिचा ए माझ्या कॉर्डमध्ये बिनतक्रार मावत होता. खटकत काहीच नव्हतं. फक्त तिचा मुक्काम होता तिथे माझा वाटेतला थांबा होता.

रिलेटिव्ह मायनर मला पाठ होती, हे इथे सांगायला हवं. मेजर स्केलचा सहावा स्वर घ्यायचा, किंवा पहिल्या स्वरापासून तीन सेमिटोन (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून शेजारच्या पट्टीवर जाण्याची एक अर्धी पायरी म्हणजे सेमिटोन, अशा दोन म्हणजे पूर्ण टोन) खाली उतरायचं, की तिची रिलेटिव्ह मायनर मिळते. सीची ए मायनर, जीची ई मायनर, डीची बी मायनर, एफची डी मायनर. स्वर तेच, त्यामुळे नोटेशनच्या सुरुवातीला लिहायची शार्प-फ्लॅटची खूणही तीच. कुणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी मी ही यादी म्हणून दाखवली असती. पण ती यादी मी कधी ऐकली नव्हती. ताईच्या त्या एका वाक्यानंतर पहिल्यांदा ऐकायला बसलो.

ती गेल्यावर मी दोनच कॉर्ड्स वाजवत राहिलो, सी आणि ए मायनर. गिटार शिकणाऱ्या कुणालाही या दोन लवकर येतात, कारण एकीवरून दुसरीवर जायला एकच बोट हलवावं लागतं. सी धरताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. अनामिका उचलायची आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची, की झाली ए मायनर. बाकीची दोन बोटं जागची हलत नाहीत. ही हालचाल मी हजारो वेळा केली असेल. पण न हलणाऱ्या त्या दोन बोटांखाली कोण आहे, हे मी कधी बघितलं नव्हतं.

तर्जनीखाली सी आहे, मधल्या बोटाखाली ई. सीपासून वर ई मोजला तर अंतर चार सेमिटोनचं. ही जोडी दोन्ही कॉर्ड्सच्या पोटात आहे. तिच्यावर जी ठेवला की सी, ई, जी होतं, म्हणजे सी मेजर. तिच्याखाली ए ठेवला की ए, सी, ई होतं, म्हणजे ए मायनर. मोकळ्या वाजणाऱ्या तिसऱ्या तारेवर जी असतो. अनामिका जाऊन तीच तार दाबते आणि जीचा ए करते. दोन कॉर्ड्समध्ये फरक एवढाच, एका स्वराने एक पूर्ण टोन सरकणं. मेजर कॉर्डमध्ये खाली चार सेमिटोनचं अंतर आणि वर तीनचं, मायनरमध्ये खाली तीनचं आणि वर चारचं. बेरीज दोन्हीकडे सात, म्हणजे सा ते पंचम. आवाजाच्या कंपनांच्या हिशोबात शुद्ध मेजर कॉर्ड ४:५:६ अशी येते आणि शुद्ध मायनर १०:१२:१५ अशी. आकडे बघितले की मेजर साधीसरळ का वाटते आणि मायनरमध्ये काहीतरी झाकलेलं आहे असं का वाटतं, याचा थोडा अंदाज येतो. थोडाच, पण येतो.

मग मी चारही स्वर एकत्र वाजवले. सी, ई, जी, ए. या कॉर्डला दोन नावं आहेत. खर्जात सी असेल तर तिला सी सिक्स्थ म्हणतात, खर्जात ए असेल तर ए मायनर सेव्हन्थ. चारही स्वर तेच, नाव मात्र सगळ्यात खाली कोण बसलंय त्यावरून पडतं. हे वाजवल्यावर मला पुढचं सुचलं. ताईचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि साथ म्हणून फक्त पाचवी तार मोकळी छेडत राहिलो. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ए मिळतो, बोटसुद्धा लावावं लागत नाही. कॉर्ड नाही, ठेका नाही, नुसता ए. पहिल्याच ओळीला अंगावर काटा आला. मी कागदावर उतरवलेली चाल ही नव्हतीच. जो सी मला भक्कम, पाय रोवून उभा असलेला वाटत होता, तो आता हळवा झाला होता. ओळीच्या शेवटचा ए, जो मला अर्धवट वाटत होता आणि म्हणून मी त्याला एफचा टेकू देत होतो, तो स्वतःच्या जागी येऊन शांत बसला होता. मग त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून सी छेडला. चाल पुन्हा बदलली, पुन्हा मोकळ्या उजेडात आली. किती तरी वेळ मी हेच करत होतो. एक बोट ठेवायचं, उचलायचं.

इथे तंबोऱ्याची किंमत कळली. ज्या गाण्यामागे तंबोरा चालू असतो तिथे सा शोधावा लागत नाही, तो आधीच लागलेला असतो, गाणारा आणि ऐकणारा दोघांच्याही कानात. कॉर्ड्सच्या संगीतात तसा आयता सा नसतो. कुठली कॉर्ड घर आहे हे त्या त्या वेळी कानाला पटवून द्यावं लागतं. कुठून निघालो, कुठे जास्त रेंगाळलो, ठेक्याच्या जोरकस मात्रेवर कोण आलं, ओळ कुणावर संपली, खर्जात कोण होतं, या सगळ्यांची साक्ष काढून कान निकाल देतो. ताईने रेकॉर्डिंगमागे तंबोरा लावला असता तर मी चुकलोच नसतो. आणि मग यातलं काहीच मला कळलंही नसतं.

आता त्या सामायिक कॉर्ड्सविषयी. सी मेजरच्या सात स्वरांवर एकाआड एक स्वर रचत गेलं की सात कॉर्ड्स मिळतात: सी मेजर, डी मायनर, ई मायनर, एफ मेजर, जी मेजर, ए मायनर आणि बी डिमिनिश्ड. तीन मेजर, तीन मायनर, एक डिमिनिश्ड. ए मायनरच्या सात स्वरांवर हेच केलं तर याच सात कॉर्ड्स मिळतात, एकही नवी नाही, एकही गळत नाही. इतकं सगळं एक असताना ‘मेजर म्हणजे आनंद, मायनर म्हणजे दुःख’ हे सूत्र मला तोकडं वाटायला लागलं. मला ते सुरुवातीलाच शिकवलं गेलं होतं आणि मी ते बरीच वर्षं खरं मानलं. पण सी मेजरच्या गाण्यात तीन मायनर कॉर्ड्स घरच्याच असतात आणि ए मायनरच्या गाण्यात तीन मेजर. आनंद आणि दुःख सामानात भरलेलं नसतं. सामान तेच आहे, त्यातलं कोण कुणाच्या नात्यात कुठे उभं आहे यावर सगळं अवलंबून. एकाच माणसाला एका घरात मामा म्हणतात आणि दुसऱ्यात काका. एफ ही सी मेजरमध्ये चौथी कॉर्ड, घराबाहेर पहिलं पाऊल टाकल्यासारखी. तीच ए मायनरमध्ये सहावी, घराच्या जवळचाच पण मऊ कोपरा. जी सी मेजरमध्ये पाचवी, आता घरी चल म्हणणारी. ए मायनरमध्ये ती सातवी, आणि तिचा आग्रह बराच कमी. डी मायनर तिकडे दुसरी, इकडे चौथी.

म्हणून तर सी, जी, ए मायनर, एफ हा चार कॉर्ड्सचा फेरा आणि ए मायनर, एफ, सी, जी हा फेरा, दोन्ही एकच वर्तुळ आहे. पाय कुठून उचलला एवढाच फरक.

सगळं इतकं सामायिक असलं तरी एक जागा अशी आहे जिथे ए मायनरला स्वतःचं काही तरी हवं असतं. सी मेजरमध्ये जीवरून सीवर येताना जी कॉर्डमधला बी एका सेमिटोनने वर चढून सीला भिडतो, आणि घरी आल्याची खात्री त्या चढण्यातून पटते. ए मायनरची पाचवी कॉर्ड ई मायनर, तिच्यात जी असतो, आणि तो ए पासून पूर्ण टोनभर दूर. ओढ ढिली पडते. म्हणून मायनरमध्ये बऱ्याचदा जी अर्ध्या पायरीने वर नेऊन जी शार्प करतात आणि ई मायनरची ई मेजर होते. त्या बदललेल्या स्केलला हार्मोनिक मायनर म्हणतात. हा जी शार्प सी मेजरच्या सात स्वरांत नाही. लिहिलेलं संगीत समोर असेल आणि ते सी मेजर की ए मायनर असा प्रश्न पडला, तर मी आधी कुठे जी शार्प दिसतोय का ते पाहतो.

तर मी शहाणपणाने साथ नव्याने बसवली. घर ए मायनर, आणि तिच्यावर येण्याआधी दरवेळी ई मेजर. ताई पुन्हा आली, गायला लागली, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबली. या वेळी खरोखर थांबली.

"हा शुद्ध निषाद कुठून आणलास?"

तिची चाल कोमल निषाद घेऊन सा वर येत होती. तिच्या गळ्यात जी आणि त्याच क्षणी माझ्या बोटांखाली जी शार्प. दोन निषाद एकमेकांच्या अंगावर. मी तिला सांगायला लागलो की या कॉर्डमुळे सा पक्का होतो. ती म्हणाली, "माझा सा पक्काच आहे. तू तो मला पटवून देऊ नकोस, ऐकणाऱ्याला पटवून दे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही मला ते वाक्य साथीविषयी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं. शेवटी असं ठरलं की ती गात असताना खाली जी किंवा ई मायनर, आणि दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेते तेवढ्या जागेत ई मेजर. तिच्या चालीचा कोमल निषाद तिचा तिच्याकडे राहिला आणि माझी ई मेजर त्या मोकळ्या जागेत मावली.

चहूबाजूंनी हे मी तिला समजावून सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "ही तर मूर्च्छना." बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध, सात स्वर घ्यायचे आणि सा जागेवरून हलवायचा. रिषभाला सा मानलं की काफी थाट, गंधाराला मानलं की भैरवी, मध्यमाला कल्याण, पंचमाला खमाज, धैवताला आसावरी. तिची चाल आसावरी थाटाची, म्हणजे माझी ए मायनर. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन ग्रामांच्या, म्हणजे दोन मूळ स्वरमांडण्यांच्या, सात-सात मिळून चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत, तेव्हा आधारस्वर सरकवून पाहण्याची ही सवय फार जुनी आहे. मला यात एक गोष्ट विलक्षण वाटली. निषादाला सा मानलं तर पुढे शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून त्या सातव्या जागेवरून प्रचलित थाट निघत नाही. आणि कॉर्ड्सच्या बाजूला नेमकी तीच जागा बी डिमिनिश्डची. बी, डी, एफ, पंचमात अर्धी पायरी कमी. तिच्यावर कुणी घर करत नाही. दोन वेगळ्या वाटांनी गेलेले लोक एकाच ठिकाणी येऊन ‘इथे मुक्काम नको’ म्हणाले.

नात्यांची मोजदाद दोन तऱ्हांनी करता येते, हे पाश्चात्त्य संगीतातही दिसतं. जर्मन संगीतकार बाखने १७२२ साली चोवीस स्केल्समधल्या प्रेल्यूड आणि फ्यूग या प्रकारच्या रचनांचा जो पहिला संग्रह सिद्ध केला, त्यात सी मेजरच्या शेजारी सी मायनर आहे. घर एकच, स्वर वेगळे. पोलिश संगीतकार शोपांच्या १८३९ साली छापल्या गेलेल्या चोवीस प्रेल्यूड्समध्ये मात्र सी मेजरनंतर ए मायनर येते, मग जी मेजर आणि ई मायनर, मग डी मेजर आणि बी मायनर. स्वर तेच, घरं वेगळी. बाखच्या जोडीला इंग्रजीत पॅरलल म्हणतात आणि शोपांच्या जोडीला रिलेटिव्ह. गंमत अशी की जर्मन भाषेत पॅरलल हा शब्द शोपांच्या जोडीला वापरतात. त्यामुळे त्या शब्दावर विसंबायचं नाही, कुणी उच्चारला की विचारून घ्यायचं, सा एक आहे की स्वर एक आहेत.

आणि स्वर एक आहेत असं तरी किती ठामपणे म्हणायचं? गिटारवर आणि पेटीवर आहेत, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग आधीच पाडलेले असतात. गळ्यात तसं नसतं. सी हा सा धरून शुद्ध रिषभ लावला तर डी सीच्या ९/८ पट असतो. ए हा सा धरून शुद्ध मध्यम लावला तर डी येतो सीच्या १०/९ पट. फरक ८१/८० चा, म्हणजे एका सेमिटोनच्या साधारण पाचव्या हिश्शाचा. कागदावर तीच डी मायनर, पण चांगल्या गळ्यातून दोन घरांत दोन वेगळे डी निघायला हवेत. ताई म्हणाली, "मग? मध्यम आणि रिषभ एक कसे असतील?" तिच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

अंतऱ्यात तिची चाल वर चढते आणि तार सप्तकातल्या कोमल गंधारावर दोन ओळी घुटमळते. तो गंधार म्हणजे सी, माझी जुनी पांढरी एक. मी तिला विचारलं, या दोन ओळींपुरतं घर हलवू का? ती म्हणाली, हलव, पण मला परत आणून सोड. मी डी मायनरवरून शिरलो. ती तिच्या घरची चौथी होती, पुढे जी वाजली आणि तीच डी मायनर मागाहून सी मेजरची दुसरी ठरली. सीवर आलो तेव्हा कुठेही उंबरा ओलांडल्यासारखं झालं नाही. दोन ओळी तिथे राहिलो. परतताना एफ, मग तिच्या श्वासाच्या जागेत ई मेजर, आणि ए मायनर. तंबोरा चालू असता तर हे जमलं नसतं, त्याने आम्हाला ए सोडूच दिला नसता. ताईला हे कळत होतं. त्या दोन ओळींत तिने सी थोडा अधिक सरळ लावला, आंदोलन न देता. मी तसं सांगितलं नव्हतं.

गाण्याचा शेवटचा शब्द तिने पंचमावर सोडलाय. ई. ती तो बराच वेळ धरते. त्या दिवशी खाली मी ए मायनर वाजवत होतो, आणि तिचा स्वर चालू असतानाच सहज सीवर गेलो. ती गातागाता थांबली.

"हा आत्ता गंधार झाला."

"शुद्ध गंधार," मी म्हटलं.

"मी तर हललेसुद्धा नाही." थोडा वेळ ती गिटारच्या गळ्यावरच्या माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत कर."

तिने पुन्हा ई लावला. मी ए मायनर वाजवली, आणि तर्जनी आणि मधलं बोट जागेवर ठेवून अनामिका उचलली.